फुटबॉलचे स्टड आणि पांढरी पँट

"फुटबॉलचे स्टड सॉफ्टबॉललाही चालतात, वेगळा खर्च कशाला" असं सॉफ्टबॉलच्या बूट-कपड्यांच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. (स्टड म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्या; तसल्या बुटांनाही स्टडच म्हणतात.) सुरुवातीला चालतात, मान्य. पण सॉफ्टबॉलच्या बुटाला चवड्याच्या अगदी टोकाशी एक जादा स्टड असतो. बेसकडे, म्हणजे धावून गाठायच्या टप्प्याकडे, सुटताना पकड तिथेच मिळते. मैदान कडक मुरमाचं असेल तर मात्र उंच स्टड रुततच नाहीत, तळवे भरून येतात. तिथे बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज बरे.

कपड्यांबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्या संघातल्या मुली पाळीच्या दिवसांत पांढऱ्या पँटमध्ये स्लाइड करायलाच, म्हणजे जमिनीवर घसरत बेस गाठायला, कचरायच्या. काळी पँट आणि आत मांडीला पॅड असलेली स्लायडिंग शॉर्ट आली, तशा बिनधास्त घसरायला लागल्या. गणवेश ठरवताना रंग आधी मुलींनाच विचारा.