रात्रीच्या जेवणात हिस्टामाइन कमी कसं ठेवायचं?

मुलुंडची_लेक
आईच्या अंगावर वर्षभर पित्त उठतंय, डोकं पण दुखतं, डॉक्टरांनी चार आठवडे लो हिस्टामाइन खाऊन बघायला सांगितलंय (हिस्टामाइन म्हणजे शिळ्या, आंबवलेल्या खाण्यात वाढणारं, अंगावर पित्त उठवू शकणारं रसायन). टोमॅटो, वांगं, पालक, दही, लोणचं, इडली-डोसा सगळं बंद. मी फोर्टहून साडेआठला घरी पोचते, त्यामुळे सकाळचीच आमटी रात्री गरम करून खायची सवय आणि आता तेही नको म्हणतायत. खळखळून उकळली तरी नाही का चालणार? आणि आई बांगड्याशिवाय किती दिवस राहील? अर्ध्या तासात होईल असं काय करू, प्लीज सांगा.

माहीमकर
उकळून उपयोग नाही गं. जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेलं हिस्टामाइन तसंच राहतं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्यात हिस्टिडिन (प्रथिनातला एक घटक) मुळातच जास्त, त्याचंच पुढे हिस्टामाइन होतं, त्यात मासा दिवसभर टोपलीत राहिलेला असला की संपलंच. सुकट, सुके बोंबील पण नको. मला तर पहिला महिना पापलेटही सोडायला लावलं होतं, नंतर सकाळी आणून दुपारीच खाल्लं तेव्हा काही झालं नाही.

वसईची_सून
आमच्याकडे रात्री हेच असतं: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दुधीच्या मोठ्या फोडी, गाजर, तुपात जिऱ्याची फोडणी, हळद, आलं, कुकरला तीन शिट्ट्या. वरून ओलं खोबरं आणि भरपूर कोथिंबीर. टोमॅटो-चिंच नसल्याने आधी सपक वाटतं, पण खोबरं सढळ हाताने घाल, फरक पडतो. पडवळ, दोडका पण चालतो. आणि सकाळचं ठेवायचंच असेल तर ओट्यावर झाकून ठेवू नकोस, आपल्या दमट हवेत तर अजिबात नाही, पसरट डब्यात लवकर गार करून थेट फ्रीझरमध्ये. फ्रीझरमध्ये हिस्टामाइन वाढायचं जवळजवळ थांबतं, झालेलं मात्र जात नाही.

माहीमकर
आणि काय खाल्लं, पित्त कधी उठलं ते वहीत लिहून ठेव. चार आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून एकेक पदार्थ परत सुरू कर, सगळे एकदम नको. प्रत्येकाला सगळंच बाधत नाही, उगाच कायमचं बंद करू नकोस, या वयात खाणं कमी झालं की अशक्तपणा येतो.

मुलुंडची_लेक
थँक्यू दोघींना. दुधी घेतलाय स्टेशनबाहेर, नारळ घरात आहे. आईला फोन करून सांगितलं आमटी काढू नकोस, मी येऊन ताजं करते.