मदत हवी आहे: मर्सिडीज २४०डी (डब्ल्यू१२३) ची मूळ नोंद श्टुटगार्टहून कशी मागवावी?

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. १९८० सालची २४०डी मूळ रूपात आणायची आहे. चासी नंबर १२३.१२३-२० ने सुरू होतो, पण इंजिन ब्लॉकवर ६१५ ने सुरू होणारा नंबर आहे. बाहेरून रंग पांढरा, डिकीच्या रबराखाली मात्र गडद निळा दिसतो. कंपनीच्या संग्रहालयाला लिहायचं की अभिलेखागाराला? सोबत काय पाठवायचं? पहिल्या मालकाचं नाव कळेल का?

गियरबॉक्स
आधी नंबर वाचून घ्या, निम्मी उत्तरं तिथेच आहेत. १२३.१२३ म्हणजे २४०डी सेडान. पुढचा २ म्हणजे उजवं स्टिअरिंग (डावं असतं तर १), आणि ० म्हणजे हाताचे गिअर. ऑटोमॅटिकला तिथे २ येतो. या गाडीत इंजिन ६१६.९१२ हवं. ६१५ हे २००डीचं, किंवा २२०डीचं. म्हणजे इंजिन बदललेलं आहे. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडणार असाल तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा: ६१५ ला ८७ मिमी, तुमच्या सालच्या ६१६ ला ९०.९ मिमी.

बदली इंजिन शोधताना एक जपा. ऑगस्ट १९७८ पर्यंतचं ६१६ हे २४०४ सीसी, ६५ अश्वशक्तीचं. त्यानंतरचं २३९९ सीसी, ७२ अश्वशक्तीचं. तुमच्या गाडीला दुसरंच लागेल. जुनं बसतं म्हणून लोक तेच टाकतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणून डिझेल पंपाला दोष देतात.

जुनेकागद
संग्रहालय आणि अभिलेखागार एकाच कंपनीचे, पण कामं वेगळी. २००६ साली उघडलेली संग्रहालयाची इमारत बघण्यासाठी आहे: लिफ्टने वर जायचं आणि १८८६ पासून खाली उतरत यायचं. आयुष्यात एकदा जरूर बघा (सोमवारी बंद), पण तिकीट खिडकीवर तुमच्या गाडीची नोंद कोणी देणार नाही. कंपनीचं जे सार्वजनिक ऑनलाइन अभिलेखागार आहे, त्यातही मॉडेलची माहिती मिळते, एकेका गाडीची नाही.

तुम्हाला हवंय ते डेटा कार्ड, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली त्याची नोंद. अधिकृत विक्रेत्याच्या पार्ट्स काउंटरवर चासी नंबरावरून ते बहुतेकदा निघतं, म्हणून सुरुवात तिथून करा. नाही निघालं तर कंपनीच्या क्लासिक विभागाला जर्मन किंवा इंग्रजीत लिहा. सोबत मालकीचा पुरावा, ठोकलेल्या चासी नंबराचा फोटो, कंपनीने लावलेल्या पाटीचा फोटो आणि इंजिन नंबराचा फोटो जोडा. मागणी नेमकी ठेवा: मूळ इंजिन नंबर, रंग, अपहोल्स्टरी, जादा सामान, कुठल्या देशात पाठवली. 'सगळी माहिती द्या' असं लिहिलं की पत्र मागे पडतं.

कार्डावर बरेचसे तीन आकडी कोड असतात. रंग ९०४ असेल तर गडद निळा, ७३७ असेल तर क्लासिक पांढरा. अपहोल्स्टरीचा कोड ० ने सुरू झाला तर कापड, १ ने एमबी-टेक्स (कृत्रिम चामडं), २ ने चामडं, ९ ने वेलूर (मखमली कापड). ५८० म्हणजे वातानुकूलन, ४६६ सेंट्रल लॉकिंग, ४१२ विजेवर चालणारं सनरूफ. रंगाचा कोड रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीवरल्या छोट्या पाटीवरही असतो, तो आजच बघा. मात्र ती पट्टी अपघातात बदललेली असू शकते, म्हणून शेवटचा शब्द कार्डाचा.

पहिल्या मालकाचं नाव विसरा. खाजगी माहिती म्हणून ते देत नाहीत.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पाटीवर ९०४ आहे! फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) ठोकलेला नंबर मात्र रंगाच्या थराखाली बुजलाय, शेवटचे दोन आकडे ३ की ८ ते कळत नाही.

गियरबॉक्स
ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. ठोकलेली खूण उथळ झाली की नंबर छेडल्याचा संशय येतो आणि तो पुसता येत नाही. पेंट रिमूव्हर ब्रशने फक्त त्या पट्टीवर लावा, फुगलेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने काढा, शेवटी थिनरचं फडकं. मग टॉर्च अगदी आडवी धरून फोटो काढा, समोरून फ्लॅश नको. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसाही घ्या. ३ ची डावी बाजू उघडी असते, ती ठशात लगेच दिसते. नंतर पत्र्याला गंज धरू नये म्हणून पारदर्शक लॅकर मारा. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच गाडीचं कार्ड येतं, आणि त्यावरही २४०डीच लिहिलेलं असल्यामुळे ते लक्षात येत नाही.