मदत हवी आहे: उतारा आजोबांच्या नावे, पीकहानीची रक्कम कशी मिळवावी?

नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मलप्रभा नदीकाठी आमचे सव्वा एकर जिरायत भातशेत असून गेल्या पावसाळ्यात पुराचे पाणी साचून पीक कुजले. पंचनामा झाला, पण परिहार (नुकसानभरपाई) रक्कम अद्याप जमा झालेली नाही. आपत्ती निवारण निधीच्या हेक्टरी 8500 रुपये या निकषाने हाती येणार जेमतेम चार-सव्वाचार हजार, म्हणजे खताचाही खर्च निघायचा नाही. तरी हक्क सोडवत नाही.

अडचण अशी की, उतारा दिवंगत आजोबांच्या नावे आहे, तर फ्रूट्स (कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी प्रणाली) नोंदणी आणि आधार जोडलेले खाते वडिलांचे आहे. पौती खात्यासाठी (मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी) अर्ज केला असून, वारसा नोंद होईपर्यंत इतर वारसांच्या संमतिपत्रावर कोणाला रक्कम मिळाली आहे का? अर्ज मराठीत दिल्यास स्वीकारतात का, हेही कृपया कळवावे.