शाळेचा बाँड आणि आपला प्रॉपर्टी टॅक्स : तुमचे अनुभव लिहा

ओसरी
आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला (आमच्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था) बाँड, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून फेडायचं कर्ज, काढायचंय आणि त्यावर मतदान आहे. आज टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडलेत. एक डिस्ट्रिक्टकडून टपालाने आलेला, गुळगुळीत, हसऱ्या मुलांचे फोटो. त्यावर लिहिलंय, टॅक्सचा दर वाढणार नाही. दुसरा मी छापून घेतलेली नमुना मतपत्रिका. तीवर सगळी मोठी अक्षरं : ही प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. २०१९च्या कायद्यापासून टेक्ससमध्ये शाळेच्या प्रत्येक बाँडवर हे वाक्य छापावंच लागतं, दर वाढो न वाढो.

ते वाचता वाचता आमच्या गावची शाळा आठवली. वावटळीत पत्रे उडाले तेव्हा गावाने वर्गणी काढली. कोणाचे ५१ रुपये, कोणाची सिमेंटची दोन पोती, सगळं व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं. आजोबांचं नाव खालून तिसरं. पुढच्या पावसात एक कोपरा गळला, तर आजोबा सरळ शाळेत गेले आणि गुरुजींनी वही काढून पुढ्यात ठेवली. खिळ्यांचा पुडासुद्धा मांडलेला होता त्यात.

मी बाँडच्या विरोधात नाही. माझी लेक दोन वर्षं पोर्टेबल वर्गात, म्हणजे बाहेर आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोलीत शिकली, पाऊस असला की बाथरूमला जायलाही छत्री. पण व्याजासकट एकूण किती, किती वर्षं, हे मला हसऱ्या फोटोंच्या शेजारीच दिसायला हवं. तुमच्याकडे काय झालं?

खडीसाखर
ताई, मतदार माहिती पत्रक शोध. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असायलाच हवं, तेही २०१९पासूनच. मुद्दल, व्याज, दोन्हींची बेरीज, आधीचं कर्ज किती बाकी, सगळं असतं. जाहिरातीत नसतं म्हणून लोकांना माहीत नाही.
आमचा हिशोब : घर ५ लाखांचं, राहत्या घराला मिळणारी होमस्टेडची सूट १ लाख ४० हजार वजा, उरले ३ लाख ६० हजार. शंभर डॉलरला ५ सेंट वाढ म्हणजे वर्षाला १८० डॉलर.

बोरू
दर तोच राहिला तरी घराची किंमत वाढली की टॅक्स वाढतोच ना. आमचा एस्क्रो (टॅक्ससाठी बँक घरकर्जाच्या हप्त्याबरोबर घेते ती रक्कम) दोन वर्षांत दोनदा वाढला. बायकोने बँकेला फोन लावला, ते म्हणाले काउंटीला विचारा. काउंटीवाले म्हणाले डिस्ट्रिक्टला विचारा. (जेवायला बसतोय, नंतर लिहितो)

पाणंद
१४ वर्षं घर आहे. टॅक्स एक दिवस उशिरा भरला नाही. तीन बाँड येऊन गेले, एकालाही मत देता आलं नाही. ग्रीन कार्डच्याच रांगेत आहोत, आणि ते मिळालं तरी मत नाही, त्यासाठी नागरिकत्व लागतं. मागच्या वेळी बोर्डाच्या सभेत नाव नोंदवून तीन मिनिटं बोललो. हात थरथरत होते. विचारलं, शिक्षक सोडून जातायत आणि तुम्ही इमारती काढताय? एका बाईंनी शांतपणे समजावलं की बाँडचा पैसा पगाराला वापरताच येत नाही, ते खातं वेगळं. कळल्यावर राग गेला. पण मत नाही याचं दुःख गेलं नाही.

सई_एडिसन
पाणंद, अगदी. आमच्याकडे १२ वर्षं हेच.
इकडे न्यू जर्सीत मंजूर कामाच्या खर्चात कायद्याने राज्याने किमान ४० टक्के भार उचलायचा असतो. म्हणून "नाही म्हणालात तर ते पैसे दुसऱ्या गावाला" असं सांगतात. खरंही आहे ते, पण सारखं ऐकून दडपण येतं.

आजी६८
मी मुलाजवळ राहत नाही, माझं स्वतःचं घर आहे, ऑस्टिनला. ६५ नंतर इथे शाळेचा टॅक्स गोठतो. त्यामुळे बाँडला हो म्हटलं तरी माझं बिल वाढत नाही. समोर नवीन जोडपं आलंय, पदरात लहान बाळ, त्यांचं वाढणार. म्हणून मी हो म्हणण्याआधी कागद वाचते. आपल्या मताने दुसऱ्याच्या घरात खर्च पडतो, तेव्हा वाचणं आलंच.

चिंचगूळ
आजी, तुमच्या पाया पडते.
ओसरी, लेक आता कितवीत? आमचं मंडळ गणपतीला ज्या हायस्कूलचं ऑडिटोरियम घेतं ना, तेही बाँडमधूनच झालंय.

ओसरी
नववीत. पोर्टेबल अजून तिथेच उभे आहेत.

रानजाई
बे एरिया. इथे तर शेजारीशेजारीसुद्धा सारखं नाही. आमचा बाँड मूल्यांकनाच्या लाखाला ६० डॉलर. पलीकडच्या काकूंनी घर १९७९ला घेतलं, त्यांचं मूल्यांकन २ लाख, म्हणजे १२० डॉलर. आमचं १९ लाख, म्हणजे ११४०. प्रॉप १३मुळे. (प्रॉप म्हणजे मतदारांनी मंजूर केलेला कॅलिफोर्नियाचा कायदा. यात घर विकेपर्यंत मूल्यांकन जुन्या किमतीच्या जवळपासच राहतं.) काकू फार चांगल्या आहेत, माझ्या बाळंतपणात सूप आणून द्यायच्या, त्यांच्यावर राग नाही. पण २०००च्या प्रॉप ३९नंतर ५५ टक्के मतांत बाँड पास होतो, आधी दोन तृतीयांश लागायचे. नवीन घर घेणाऱ्यांनी हे गणित घर बघतानाच करावं.

बोरू
आलो. "दर वाढणार नाही" यावरून सान दिएगोजवळच्या पोवेची गोष्ट सगळ्यांनी वाचा. तिथेही हेच वचन होतं. ते पाळायला २०११ला असे रोखे काढले की पहिली २० वर्षं हप्ताच नाही. घेतले साडेदहा कोटी डॉलर, फेडायचे ९८ कोटींच्या आसपास. ज्यांनी मत दिलं त्यांची मुलं शाळा सोडून गेली, फेडणार भलतेच. त्यानंतर २०१३ला कॅलिफोर्नियात कायदा आला, आता परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर नेता येत नाही.

मुळाक्षर
मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या देखरेख समितीवर दोन वर्षं होते. प्रॉप ३९च्या बाँडला अशी नागरिकांची समिती सक्तीची आहे. पगार नाही, दर तीन महिन्यांनी संध्याकाळी लायब्ररीत बसायचं. एका बिलात त्याच जिमचं छत दोनदा लागलं होतं. पेन्सिलने खूण केली, विचारलं, पुढच्या सभेत दुरुस्त होऊन आलं. समितीत कायम जागा रिकाम्या असतात. कृपा करून अर्ज भरा.

कोथरूडकर
पुण्यातून वाचतोय. आमच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते, १९६२च्या कायद्यापासून. उभ्या आयुष्यात मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. ओसरी, ती भिंत अजून आहे का?

ओसरी
नाही हो. नवीन स्लॅब पडला तेव्हा पाडली. फोटोही नाही कोणाकडे.
खडीसाखर, पत्रक सापडलं. व्याजाचा आकडा चष्मा लावून दोनदा वाचला. स्टेडियमचा प्रस्ताव वेगळा छापलाय, वर्गांचा वेगळा. वर्गांना हो, स्टेडियमला यंदा नाही. सोमवारपासून लवकरचं मतदान, नवऱ्याला घेऊन जाते.

चिंचगूळ
आमच्याकडे तसं वेगळं नव्हतं, सगळं एकत्रच.
मागच्या गणपतीतल्या दोन सतरंज्या कोणाकडे आहेत? मराठी शाळेला रविवारी हव्यात.