दिव्यांग दाखला, पेन्शन, थेरपी: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे. त्याच्या कागदपत्रांबद्दल आम्हाला जे कळलं, ते बहुतेक सगळं रांगेत शेजारी बसलेल्या आयांनी सांगितलं. तशी माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. कुठला कागद अडला, कोणाची मदत झाली, ते लिहा.

सिकलसेल पेशंट, उत्तर नागपूर
मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यातला एसएस हा तीव्र प्रकार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेलही आहे, हे मला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दुसऱ्या एका पेशंटनं सांगितलं. तोवर वाटायचं, दाखला हातापायाच्या अपंगत्वालाच मिळतो. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरला, मग तपासणीला बोलावलं. एचपीएलसीचा (सिकलसेल पक्का करणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि भरती झाल्याची, रक्त चढवल्याची सगळी डिस्चार्ज कार्डं नेली होती, तीच कामी आली. जुनी कार्डं फेकू नका बाप्पा! दुखणं उठलेलं नसेल त्या दिवशी आपण धडधाकट दिसतो, आपला त्रास कागदच सांगतात. आणि दाखल्यावरचं अपंगत्व 40 टक्क्यांच्या खाली गेलं की बहुतेक लाभ हातचे जातात. आपल्या विदर्भात इतके पेशंट आहेत, प्रत्येकाला हे पहिल्याच तपासणीत सांगायला पाहिजे.

व्हीलचेअरवाला, सीताबर्डी
मेट्रोत लिफ्ट आहे, मी एकटा जातो. स्टेशनातून घरापर्यंतच्या फुटपाथला मात्र उतार नाही, तेवढ्यासाठी भावाला बोलवावं लागते. महापालिकेनं बजेटचे 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. त्यातून आधी हे उतार करा, अशी माझी मागणी आहे.

एक आई, मानेवाडा
मुलगी बौद्धिक दिव्यांग, आता 18 पूर्ण. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याचे 1500 रुपयांचे 2500 झाले, आमच्यासारख्यांना त्याचा फार आधार आहे. पण एका बँकेनं सही करता येत नाही म्हणून तिचं खातंच उघडलं नाही. 18 नंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे तेव्हा समजलं. कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चौघांसाठी ही सोय आहे. त्यांनाच निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मुलं सतरा वर्षांची असतानाच तयारीला लागा.

बाबा, हिंगणा
पोरगा बोलत नव्हता. लोक म्हणे, उशिरा बोलंल. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथं स्पीच थेरपी सुरू केली. आता 'पाणी' म्हणते. ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांनी वाट पाहू नका. ताई, एक विचारतो: आधारला त्याचे बोटाचे ठसे उमटत नाहीत, काय करावं?

धागाकर्ती
दादा, आमच्याकडेही तीच अडचण होती. बुबुळांच्या स्कॅनवर आधार होतं, केंद्रावर तसं स्पष्ट सांगा. आणि 5 व 15 वर्षांनंतरचं आधारचं बायोमेट्रिक अपडेट चुकवू नका.