मदत हवी आहे : द्राक्षबागेत पसरणारे मोहरी कुळातील तण कोणते?

नमस्कार. दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांखालच्या ओलीत यंदा थंडीपासून जमिनीलगत चहूबाजूंनी फांद्या पसरवणारे एक तण वाढले असून, त्याची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. कोवळेपणी त्याची कातरलेली पाने पाहून मला ते गाजर गवतच वाटले होते. मात्र पान चुरगळल्यावर अळिवासारखा उग्र वास येतो. फुले हिरवट पांढरी आणि टाचणीच्या डोक्याहूनही लहान आहेत. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक फळ म्हणजे चष्म्याच्या काचांसारखे शेजारी शेजारी चिकटलेले दोन खरबरीत गोल दिसतात, आणि याच खुणेवरून मला हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील, अळिवाच्याच प्रजातीतील लेपिडियम डिडिमम असावे असे वाटते.

हे तण खाल्लेल्या जनावरांच्या दुधाला वास लागतो, आणि खुरपणीचे गवत आम्ही गोठ्यात टाकत असल्यामुळे मला याची खरी काळजी वाटते. माझा अंदाज बरोबर आहे का? नाशिक परिसरात आणखी कोणाच्या शेतात हे आढळले आहे का? फळे धरलेली झाडे उपटून शेणखताच्या खड्ड्यात टाकली, तर बी जिवंत राहील का?