लेणे, लेणी, गुंफा आणि पोढी

बोरिवली पूर्व
सोसायटीतल्या मंडळींना घेऊन रविवारी कान्हेरीला जायचं ठरलंय. त्यांच्यासाठी पानभर माहिती लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो. मी लिहिलं, 'लेणी क्रमांक ३ हे चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) आहे.' बायको म्हणाली, 'लेणे क्रमांक ३' हवं. मुलीचं म्हणणं, केव्ह नंबर थ्री लिहा, भांडण मिटेल. बरोबर काय? शिवाय लेणं म्हणजे डोंगराने अंगावर घातलेला दागिना, असं एका गाइडने मागे सांगितलं होतं. ऐकायला झकास आहे, पण खरं का?

निवृत्त मास्तर
वहिनींचं बरोबर. तळे–तळी, गाणे–गाणी, तसं लेणे–लेणी. नपुंसकलिंगी एकवचन लेणे, अनेकवचन लेणी. आत गेलात की 'लेण्यात' गेलात, 'लेणीत' नव्हे. 'तळीत पोहलो' म्हणता का? मग 'लेणीत फिरलो' कशाला?

टाकेशोध्या
मास्तर, व्याकरण मान्य. पण ट्रेकला येणारी दहातली नऊ पोरं 'एक लेणी', 'त्या लेणीत' असंच बोलतात. सगळ्यांना अडाणी ठरवून प्रश्न सुटत नाही. हे का होतं, ते बघा ना. गाण्याचं असं का झालं नाही?

निवृत्त मास्तर
प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. 'कान्हेरीची ती जुनी लेणी पाहिली.' यातला 'लेणी' शब्द झाकला, तर उरलेल्या वाक्यावरून सांगता येईल का, की तो नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे की स्त्रीलिंगी एकवचनी? नाही येत. ची, ती, जुनी, पाहिली, सगळी रूपं दोन्हीकडे सारखीच. 'आहे' की 'आहेत' एवढ्यावरच फरक कळतो. असा शब्द घसरायला फार वेळ लागत नाही. 'गाणी ऐकली' मध्येही तीच अडचण आहे, पण 'एक गाणं म्हण' हे आपण रोज म्हणतो, त्यामुळे तो शब्द जागेवर राहिला. एकच लेणे दाखवायची वेळ कितीशी येते? कान्हेरीत शंभराहून जास्त आहेत. वेरूळ, अजिंठा, कार्ले, सगळीकडे ती घोळक्यानेच भेटतात. शेजारी गुहा, गुंफा हे स्त्रीलिंगी शब्द बसलेलेच आहेत, त्यांनीही ओढलं असणार.

टाकेशोध्या
आणि घरात 'लेणं' म्हटलं की सौभाग्यलेणं आठवतं! ती जागा आधीच दागिन्याने अडवलेली.

निवृत्त मास्तर
तेही आहेच. तरी छापील मजकुरात मी 'लेणे'च लिहीन.

पाली वाचणारी
दागिन्याबद्दल मी लिहिते. गाइडने सांगितलेली कल्पना सुंदर आहे, पण हे शब्द दोन आहेत, उच्चाराने जुळे झालेले. दागिन्याचं लेणं आलं ते 'लेणे' या क्रियापदावरून. साडी लेणे, काजळ लेणे, म्हणजे अंगावर धारण करणे. डोंगरातलं लेणं मात्र प्राकृत 'लेण', संस्कृत 'लयन'. मूळ धातू 'ली', म्हणजे टेकणे, विसावणे, लीन होणे. लेण म्हणजे विसाव्याची, आसऱ्याची जागा.

गंमत म्हणजे या शब्दाचा दगडाशी संबंध असायलाच हवा असं नाही. पाली विनयपिटकातल्या (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या) चुल्लवग्ग या भागात बुद्ध भिक्खूंना पाच प्रकारच्या लेणांची परवानगी देतात: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेणाचा फक्त एक प्रकार, तोही यादीत शेवटचा. पासाद म्हणजे प्रासाद, चक्क बांधलेली इमारत. आपल्या सह्याद्रीत मात्र राहायच्या जागा कातळातच खोदल्या गेल्या, म्हणून मराठीत लेणे म्हणजे कोरलेलंच, असा अर्थ पक्का झाला.

बोरिवली पूर्व
ताई, मग घारापुरीचं काय? तिथे कुठे कोण राहत होतं? ते तर शिवाचं मंदिर.

पाली वाचणारी
बरोबर, तिथपर्यंत अर्थ आणखी सैल झाला. राहण्याची सोय बाजूला पडली, कातळात कोरलेलं एवढंच उरलं. जोगेश्वरीचंही तसंच. म्हणून मला 'कान्हेरीच्या गुहा' खटकतं. गुहा निसर्गाने केलेली, तिच्यात बिबट्याही राहील. (राष्ट्रीय उद्यानात ही शक्यता अगदीच कल्पनेतली नाही म्हणा.) छिन्नी लागली की लेणे.

अंधेरीकर
आमच्याकडे 'गुंफा' चालतं. महाकालीची गुंफा. लेणी म्हटलं तर रिक्षावाला विचारेल कुठली. रस्त्याचं नाव तर महाकाली केव्हज रोड, विषयच संपला.

पाली वाचणारी
गुंफा चालेल की. ओडिशात खारवेल राजाचा लेख आहे त्या जागेला हाथीगुंफाच म्हणतात. फक्त हार गुंफण्याशी तिचं नातं जोडू नका, नाहीतर पुन्हा दागिन्यांच्या दुकानात शिरू.

बोरिवली पूर्व
शिलालेखांतले एकदोन शब्द पानावर टाकायचेत. 'ब्राह्मी भाषेतले लेख' असं लिहिलंय.

निवृत्त मास्तर
ब्राह्मी ही लिपी. त्यातले बरेच लेख प्राकृतात आहेत. देवनागरी भाषेत पत्र लिहिलं, असं म्हणतो का आपण?

टाकेशोध्या
'पोढी' टाका. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्यालगत पाण्याचं टाकं आहे, त्याला लेखांत पोढी म्हटलंय. पानीयपोढी असंही येतं. आम्ही टाकंच म्हणतो, पण पाणपोढी हा शब्द आता पुन्हा लिहिण्यात येऊ लागलाय. माझा अंदाज असा, की आपली पाणपोई यातूनच आली.

पाली वाचणारी
दादा, ते जमत नाही. पाणपोईला संस्कृत शब्द प्रपा. नाशिकच्या पांडवलेण्यांत, लेणे क्रमांक १० मध्ये, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ओळ येते: 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो', हे लेणं करवलं आणि या पोढ्या. त्याच लेखात नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने सभा आणि प्रपा उभारल्याचंही लिहिलंय. तहानलेल्या वाटसरूसाठी प्रपा, लेण्यात राहणाऱ्यांसाठी पोढी. एका माणसाने एकाच लेखात दोन गोष्टींना दोन शब्द वापरलेत, तर त्या वेगळ्याच धरायला हव्यात. आणि मास्तर, 'इदं लेणं' पाहिलंत ना? एकवचनी, नपुंसकलिंगी, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी.

निवृत्त मास्तर
हे आधी सांगितलं असतंत, तर माझं एवढं टंकलेखन वाचलं असतं.

बँकेतला
उषवदात निघालाच आहे तर 'अखयनीवि' पण घ्या. नीवि म्हणजे मुद्दल. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च फक्त व्याजातून. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. आमच्या मुदत ठेवीपेक्षा दर बरा होता. कान्हेरीच्या लेखांतही अखयनीवि येते.

अंधेरीकर
त्या नद्या कुठल्या पण? नाशिकच्या?

पाली वाचणारी
नाही, बहुतेक आपल्या पट्ट्यातल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या होत्या, नदी ओलांडायचा पैसा घ्यायचा नाही म्हणून. शोर्पारग, म्हणजे नालासोपारा, इथे धर्मशाळाही बांधली होती.

टाकेशोध्या
दाहनुका म्हणजे डहाणू?

पाली वाचणारी
हो, तोच डहाणू.

अंधेरीकर
आणि आम्ही विरारच्या पुढे मुंबई मानत नाही.